वाचक विचारतात : करंट ठरवतो तो प्रोपेलर

विजेवर उडणाऱ्या रेडिओ कंट्रोल विमानात मोटर आणि ईएससी (बॅटरीकडून मोटरला मिळणारी वीज थ्रोटलप्रमाणे कमी-जास्त करणारा कंट्रोलर) यांची जोडी कशी जमवायची, याबद्दल इतकी पत्रं आली आहेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. निम्मी पत्रं जळलेल्या वस्तूंची आहेत. माझं आयुष्य पंपाच्या मोटरी भरण्यात गेलं, त्यामुळे जळक्या वार्निशचा वास मला नवा नाही. पण पॉकेटमनी साठवून घेतलेला ईएससी पहिल्याच दिवशी धूर सोडतो, हे वाचून वाईट वाटतं. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

ताई, माझ्या मोटरची मर्यादा १२ अँपिअर आहे आणि दुकानदार ३० अँपिअरचा ईएससी देतोय. जास्तीचा करंट जाऊन मोटर जळणार नाही का?
*— अकरावीतला वाचक, सातारा*

नाही जळणार. ईएससीवरचा आकडा म्हणजे तो किती करंट सोसू शकतो, एवढंच. तो करंट ढकलत नाही. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावला म्हणून चार्जर जळतो का? तसंच हे. करंट किती ओढला जाणार हे बॅटरीचं व्होल्टेज, मोटरचा केव्ही (एका व्होल्टमागे किती फेरे) आणि प्रोपेलर ही तिघं मिळून ठरवतात, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा प्रोपेलरचा. मोठा ईएससी घेतलास तर चार पैसे आणि दहा-पंधरा ग्रॅम वजन जास्त, बाकी नुकसान काही नाही.

पण हीच गोष्ट उलट बाजूनेही लक्षात ठेव. ईएससी हा फ्यूज नाही. ३० चा आहे म्हणून तो ३० ला मोटर थांबवेल आणि वाचवेल, असं होत नाही. तुझ्या १२ अँपिअरच्या मोटरला मोठा प्रोपेलर लावलास आणि ती २५ ओढू लागली, तर ३० चा ईएससी ते २५ निमूट देत राहील आणि मोटर भाजेल.

आम्ही कॉलेजच्या स्पर्धेसाठी सनबोर्डचं विमान बनवतोय. ए-२२१२ मोटर, १०×४.५ चा प्रोपेलर, तीन सेलची २२०० एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, ३० अँपिअरचा ईएससी. सीनियरच्या विमानात हेच सगळं नीट चालतं. आमचे मात्र दोन ईएससी पूर्ण थ्रोटल देताच काही सेकंदांत गेले. दुकानदार म्हणतो ४० चा घ्या. घ्यावा का?
*— तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, कराड*

एवढ्यात काहीही विकत घेऊ नका. पत्रात तुम्ही मोटरचा केव्ही लिहिलेला नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे असं लक्षणांवरून दिसतंय.

ए-२२१२ हे नुसतं माप आहे. आतला स्टेटर, म्हणजे न फिरणारा गुंडाळीचा गाभा, २२ मिलिमीटर व्यासाचा आणि १२ मिलिमीटर उंचीचा. (काही कंपन्या बाहेरच्या डब्याचं माप छापतात, त्यामुळे जवळपास हीच मोटर कुठे वेगळ्याच आकड्यानेही विकली जाते.) पण त्याच मापाच्या डब्यात वेगवेगळी गुंडाळी भरलेली असते. १३ वेढ्यांची मोटर १००० केव्हीची, १० वेढ्यांची १४०० ची आणि ६ वेढ्यांची २२०० ची. वेढे कमी, तार जाड, केव्ही जास्त, हा आमच्या धंद्यातला रोजचा हिशेब आहे. बाहेरून तिन्ही मोटरी सारख्याच दिसतात आणि दुकानात एकाच खोक्यात पडलेल्या असतात.

केव्ही म्हणजे मोटरवर भार नसताना एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. तीन सेलचा पॅक भाराखाली साधारण ११ व्होल्ट देतो. १००० केव्हीची मोटर त्यावर ११ हजार फेऱ्यांकडे धावते, २२०० ची २४ हजारांकडे. आणि प्रोपेलर फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या पटीत वाढते. फेरे सव्वादोनपट मागितलेत की ताकद दहापटीहून जास्त लागते. तेवढी ताकद त्या चिमुकल्या मोटरकडे नाही, पण ती प्रयत्न सोडत नाही. फेरे चढत नाहीत, करंट मात्र चढत जातो आणि ३० ची मर्यादा कधीच मागे पडते. ४० चा लावलात तरी तो जाईल. ८० चा लावलात तर ईएससी वाचेल आणि मोटर जाईल.

सीनियर मुलांची मोटर १००० ची असावी आणि तुमची २२०० ची. स्टिकर निघून गेलं असेल तर ओळखायची एक खात्रीची रीत सांगते. प्रोपेलर काढा, ईएससी काढा, तिन्ही तारांची टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी ठेवा. मोटरचा शाफ्ट ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरा, मोटरचा बुडखा पक्का आवळा आणि ड्रिल पूर्ण वेगाने फिरवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून कुठल्याही दोन तारांमध्ये मोजा. येणाऱ्या आकड्याला १.४ ने गुणा आणि ड्रिलच्या फेऱ्यांना त्याने भागा. आला केव्ही. घरगुती ड्रिलवर फेरे छापलेले असतात. ते २८०० असतील, तर १००० केव्हीची मोटर साधारण २ व्होल्ट दाखवेल आणि २२०० ची ०.९ च्या आसपास. फरक इतका ढळढळीत असतो की चूक व्हायची भीती नाही.

मोटर २२०० ची निघाली तर तिला ६×४ चा प्रोपेलर (पहिला आकडा व्यासाचे इंच, दुसरा एका फेऱ्यात पुढे सरकायचे). पण तुमचं सनबोर्डचं विमान जड आणि संथ असणार, वर स्पर्धेत वजन उचलायचं. त्याला मोठा, सावकाश फिरणारा प्रोपेलरच हवा, म्हणून मोटरच १००० केव्हीची घ्या. तिच्यावर १०×४.५ तीन सेलला १२ ते १५ अँपिअर ओढतो. या मोटरच्या कागदावर १२ अँपिअर मिनिटभरासाठी दिलेले असतात, म्हणजे दहा इंची प्रोपेलर आधीच काठावर आहे. मी तुमच्या जागी असते तर नऊ इंची लावला असता. प्रोपेलरची मागणी व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते, त्यामुळे एका इंचाने कमी केलात की भार पाव ते एक तृतीयांश हलका होतो.

स्पर्धेच्या आदल्या रात्री कोणीतरी नक्की सुचवेल की चार सेलची बॅटरी लावा, जोर वाढेल. प्रोपेलर तोच ठेवून चार सेल लावले तर फेरे सव्वापटीहून थोडे जास्त होतात, पण करंट पावणेदोनपटीकडे जातो आणि एकूण वॉट सव्वादोनपटीच्या वर. तेव्हा मोटर जाते. सेल वाढवायचे तर प्रोपेलर लहान झालाच पाहिजे.

आता तुमच्या दोन ईएससींच्या किमतीपेक्षा महाग नसलेली एक वस्तू घ्या : वॉटमीटर. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडायचा, व्होल्ट, अँपिअर आणि वॉट तिन्ही दाखवतो. वायरमनकडचा साधा क्लॅम्प मीटर चालणार नाही. तो फक्त एसी मोजतो, बॅटरीच्या तारेवर शून्य दाखवेल. क्लॅम्पच हवा असेल तर डीसी अँपिअर मोजणारा मागून घ्या. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, म्हणजे तीन सेलला १२.६ व्होल्ट. उतरलेल्या बॅटरीवर आकडा कमी येतो आणि फसवतो. विमान टेबलाला दोरीने बांधा, सगळे प्रोपेलरच्या मागे उभे राहा, पात्यांच्या पातळीत कोणी नको. पूर्ण थ्रोटल दहा सेकंद, त्यापेक्षा जास्त नको. जो आकडा येईल तो मोटरच्या मर्यादेच्या आत हवा आणि ईएससी त्यापेक्षा २५ ते ३० टक्के मोठा. हवेत गेल्यावर प्रोपेलरचा भार थोडा हलका होतो, त्यामुळे जमिनीवर जे निभावलं ते वरही निभावतं.

बॅटरीचंही बघा. सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट देता येतो तो आकडा. २२०० एमएएच आणि २५ सी म्हणजे कागदावर ५५ अँपिअर. स्वस्त पॅकवरच्या सीवर माझा विश्वास नाही, मी निम्माच धरते. तुमच्या १५ अँपिअरला तरी तो पुरून उरतो.

माझी मोटर पूर्ण थ्रोटलला ३८ अँपिअर घेते, ईएससी ३० चा आहे. मी थ्रोटल अर्ध्याच्या वर नेतच नाही, मग चालेल ना? मे महिन्यातही उडवतो.
*— वाचक, नागपूर*

चालणार नाही, आणि मे महिन्यात तर मुळीच नाही.

अर्धा थ्रोटल म्हणजे ईएससी मोटरला निम्मं व्होल्टेज देतो, अशी समजूत आहे. तसं घडत नाही. ईएससीतले मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, बहुतेकांत ८ ते १६ हजार वेळा. चालू असतात तेव्हा बॅटरीतून करंट येतो. बंद होतात तेव्हा मोटरच्या गुंडाळीतला करंट थांबत नाही, तो मॉस्फेटमधूनच फिरत राहतो. म्हणून अर्ध्या थ्रोटलला तुमचा वॉटमीटर बॅटरीकडून १० अँपिअर दाखवत असला, तरी मोटरच्या तारांमधून वीसच्या आसपास वाहत असतात. शिवाय प्रत्येक चालू-बंदला थोडी उष्णता निघते. पूर्ण थ्रोटलला ही उघडझाप जवळपास थांबते. मर्यादेत बसणारा ईएससी पूर्ण थ्रोटलपेक्षा अर्ध्या-पाऊण थ्रोटलवर जास्त तापलेला मी हाताने पाहिला आहे.

आणि उतरताना वारा फिरला, विमान बाभळीकडे निघालं, तर तुमचा अंगठा थ्रोटल पुढे ढकलणारच. तो ढकललाच पाहिजे. त्या क्षणी ईएससीने साथ सोडली तर विमान गेलं.

ईएससीवरचा आकडा त्याच्यावरून वारा वाहतोय असं धरून दिलेला असतो. तुमच्याकडची ४४-४५ अंशांची दुपार, त्यात फोममध्ये गुंडाळून पोटात कोंबलेला ईएससी, म्हणजे तो ३० चा ३० राहत नाही. बऱ्याच ईएससींत ११० अंशांच्या आसपास ताकद आपोआप कमी करायची सोय असते, ती तुम्हाला अचानक जोर गेल्यासारखी जाणवेल. ५० चा ईएससी घ्या. नाकाशी वारा आत यायला भोक ठेवा आणि मागे बाहेर पडायला त्याच्या दीडपट-दुप्पट मोठं. मागचं भोक लोक विसरतात, मग आत आलेली हवा तिथेच कोंडते. लायपो ६० अंशांच्या वर गेली की कायमची बिघडते, म्हणून बॅटरी गाडीच्या डिकीत ठेवू नका.

माझ्याकडे पॉइंट फोर्टी ग्लो इंजिनाचं बाल्साचं ट्रेनर आहे, वजन अडीच किलो. आता तेल पुसणं आणि प्लग तापवणं होत नाही. विजेवर न्यायचं आहे, पण विजेचं विमान म्हणजे खेळणं, असं आमच्या ग्रुपवर म्हणतात. काय काय लागेल?
*— निवृत्त एनसीसी प्रशिक्षक, नाशिक*

सर, ग्रुपवर सांगा की ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ नावाचं मॉडेल विजेच्या मोटरवर आणि सिल्व्हर-झिंक बॅटरीवर रेडिओने उडवलं होतं. तेव्हा लायपो नव्हती, ब्रशलेस मोटर नव्हती. आज आपल्या हातात दोन्ही आहेत.

आपण विमानापासून सुरुवात करू, मोटरपासून नको. साध्या ट्रेनरला किलोमागे १३० ते १५० वॉट पुरतात. गवताच्या मैदानावरून उठायचं आणि एखादा लूप मारायचा तर २०० ते २२० धरा. अडीच किलोला ५०० ते ५५० वॉट. चार सेलचा पॅक भाराखाली १४ व्होल्ट देतो. ५५० भागिले १४ म्हणजे ३९ अँपिअर. ईएससी ६० चा घ्या.

मोटर निवडताना दुकानातल्या जाहिरातीतले वॉट बघू नका, वजन बघा. मोटरच्या दर ग्रॅममागे ३ वॉट, एवढंच ती सतत निभावते. तांबं आणि लोखंड यांच्या वजनात लबाडी करता येत नाही. ५५० वॉटला किमान १८० ग्रॅम, आणि मी आपल्याला २०० च्या वरचीच सुचवेन. केव्ही ६५० ते ७००, प्रोपेलर १३×६.५. आपल्या इंजिनावर १०×६ होता आणि तो ११-१२ हजार फेरे घेत असेल. हा आठ हजारांच्या आसपास फिरेल, आवाज कमी आणि ओढ भरपूर. फक्त चाकांची उंची मोजून घ्या. १३ इंची प्रोपेलरचं पातं मध्यापासून साडेसोळा सेंटिमीटर खाली येतं. गवताला लागणार असेल तर १२×६ आणि ८०० केव्हीची मोटर.

चार सेल, ४००० एमएएचचा पॅक घेतलात तर जपून थ्रोटल वापरून आठ-दहा मिनिटं आरामात मिळतील. टाकी निघून बॅटरी आली की तोल बदलतो, म्हणून बॅटरीची जागा पुढे-मागे सरकवता येईल अशी ठेवा, शिशाचे तुकडे चिकटवायची वेळ येणार नाही.

दोन गोष्टी ग्लोवाल्यांना नवीन असतात. ईएससीमध्येच रिसिव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देणारा बीईसी असतो. तो लिनिअर प्रकारचा असेल तर उरलेलं व्होल्टेज तो उष्णता करून फेकतो. भरलेल्या चार सेलवर १६.८ वजा ५, म्हणजे सर्व्होंनी एक अँपिअर घेतला की जवळपास १२ वॉट आतल्या आत तापतात. आपले सर्व्हो चार. तेव्हा ईएससीवर स्विचिंग बीईसी लिहिलंय का ते बघा. नसेल तर वेगळा ५ व्होल्ट, ३ ते ५ अँपिअरचा स्विचिंग बीईसी लावा आणि ईएससीकडून रिसिव्हरला जाणाऱ्या प्लगमधली लाल तार काढून टेप लावा. बीईसी दमला तर मोटरसोबत सर्व्होही बंद पडतात, आणि मग विमान कोणाचंच ऐकत नाही.

दुसरी गोष्ट बोटांची. इंजिन आपण सुरू केल्याशिवाय सुरू होत नव्हतं. ही मोटर बॅटरी जोडल्या क्षणापासून जिवंत असते, थ्रोटलला बाही घासली तरी फिरेल. ईएससीला थ्रोटलची रेंज (किमान ते कमाल) शिकवताना, सेटिंग करताना प्रोपेलर काढूनच ठेवा. ईएससीत बॅटरीचा प्रकार लायपो आणि कटऑफ सॉफ्ट निवडा. बॅटरी संपत आली की जोर हळूहळू कमी होईल आणि आपल्याला उतरायला वेळ मिळेल.

थ्रोटल देताच मोटर थरथरते, कर्र कर्र करते, पण फिरत नाही. ईएससी बदलून पाहिला, तेच. नवीन मोटर घेऊ का?
*— वाचक, म्हापसा*

एक विचारते : मोटरच्या तारा लांब वाटल्या म्हणून कापून आखूड केल्या होत्या का? या लहान मोटरींत बाहेर आलेली तार म्हणजे पुष्कळदा आतल्या गुंडाळीचीच टोकं असतात आणि प्रत्येक धाग्यावर इनॅमलचा थर असतो. कारखान्यात टोकाचं इनॅमल काढून सोल्डर केलेलं असतं. कापलंत की ते टोक गेलं, आणि नवं सोल्डर वरवर चिकटतं, आत करंट जात नाही.

ईएससीला मोटर कुठल्या स्थितीत आहे हे कळतं ते त्या क्षणी मोकळ्या असलेल्या तारेत उठणाऱ्या व्होल्टेजवरून. तीनपैकी एक तार तुटली की तो आंधळा होतो आणि मोटर जागच्या जागी थरथरते. वर कराडच्या मुलांना सांगितलेली ड्रिलची रीत करा आणि तिन्ही जोड्या मोजा. तिन्ही सारख्या आल्या पाहिजेत. एका जोडीत व्होल्टेज आणि दोन जोड्यांत शून्य आलं, तर त्या दोन्हींत असलेली तार गेली. तिचे धागे ब्लेडने एकेक करून चकचकीत होईपर्यंत खरवडा, मग सोल्डर करा. साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजत बसू नका. ही गुंडाळी दशांश ओहमाहूनही कमी असते, त्यात काही कळत नाही.

तिन्ही जोड्या सारख्या आल्या तर मोटर शाबूत आहे. मग ईएससीचं टायमिंग, म्हणजे पुढच्या गुंडाळीला वीज किती आधी द्यायची ते सेटिंग, बघा. डबा फिरणाऱ्या १४ चुंबकांच्या मोटरला मध्यम किंवा जास्त टायमिंग लागतं.

दोन्ही पंखांवर एकेक मोटर लावतोय. एका मोठ्या ईएससीवर दोन्ही चालतील का? आणि तारा पंखापर्यंत कशा न्यायच्या?
*— वाचक, रत्नागिरी*

एकावर दोन चालणार नाहीत. प्रत्येक मोटरच्या फिरण्याकडे पाहून ईएससी पुढची गुंडाळी चालू करतो. दोन मोटरी कधीच तंतोतंत एका लयीत फिरत नाहीत. दोन ईएससी घ्या, एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे.

ते बॅटरीजवळ ठेवा आणि मोटरकडे जाणाऱ्या तीन तारा लांब करा. बॅटरीकडच्या दोन तारा लांबवू नका. करंट क्षणोक्षणी तुटतो तेव्हा लांब तारेत व्होल्टेजचे झटके उठतात, ते ईएससीच्या तोंडाशी असलेला कपॅसिटर सोसतो, आणि तार जितकी लांब तितका तो तापून लवकर फुगतो. बॅटरी लांब ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर दर १० सेंटिमीटर जास्तीच्या तारेमागे २२० मायक्रोफॅरॅडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर ईएससीच्या अगदी जवळ जोडा. व्होल्टेजची मर्यादा बॅटरीच्या दीड-दुप्पट हवी.

थ्रोटलचे दोन्ही प्लग वाय-तारेने एकाच चॅनेलवर घ्या, एका ईएससीची लाल तार काढा आणि दोघांना थ्रोटलची रेंज एकदमच शिकवा. बॅटरी निवडताना दोन्ही मोटरींचा करंट मिळवा. प्रत्येकी २५ असेल तर ५०, आणि एक्सटी-६० कनेक्टर तेवढ्याला पुरतो. एक मोटर उलटी फिरवायची असेल तर तिच्या कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. मात्र त्या बाजूला उलट्या पात्याचाच प्रोपेलर लागेल, तो आधी मिळतोय का ते बघून घ्या.